लाकडी फरशी घरात घेताना: निवड, बसवणं आणि सांभाळ याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानात सगळ्याच खोक्यांवर ‘वुडन फ्लोअरिंग’ लिहिलेलं असतं. त्यातलं खरं लाकूड कोणतं?

बाजारात या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली अखंड लाकडाची फळी. ती वरपासून खालपर्यंत एकाच लाकडाची असते आणि जाडी साधारण १८ ते २० मिलिमीटर. दुसरी इंजिनिअर्ड. तिच्यात वर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि खाली उभेआडवे चिकटवलेले प्लायचे थर किंवा एचडीएफ (लाकडाचे तंतू घट्ट दाबून केलेली पाटी) असतं. तिसरी लॅमिनेट. लाकडाच्या तंतूंचा लगदा दाबून केलेली पाटी, तिच्यावर लाकडाचा छापील फोटो आणि फोटोवर मेलामाइनचा पारदर्शक कडक थर. लॅमिनेटचा जन्म १९७७ सालचा, स्वीडनमधला. व्हिनाइलच्या फळ्याही याच रांगेत मांडलेल्या दिसतात, पण ते प्लास्टिक आहे, त्यामुळे इथे त्याबद्दल फारसं काही नाही.

ओळखायची युक्ती सोपी आहे. फळीची कापलेली कड बघा. अखंड लाकडात वरच्या रेषा कडेवरून खाली उतरतात. इंजिनिअर्डमध्ये थर मोजता येतात. लॅमिनेटच्या कडेला नुसता तपकिरी भुसा दिसतो. शिवाय दहाबारा फळ्या शेजारी मांडा. तीच गाठ, तीच रेघ दोनतीन फळ्यांवर सापडली, तर तो फोटो आहे. झाड स्वतःची नक्कल काढत नाही.

मग यातलं घ्यावं कोणतं?

घराला ओलीचा त्रास किती आहे, यावर ते ठरतं. वर्षभरात हवा खूप दमट आणि मग खूप कोरडी होत असेल, किंवा खाली काँक्रीट असेल, तर मी इंजिनिअर्ड सुचवेन. थर एकमेकांना आडवे असल्यामुळे एक थर फुगायला लागला की शेजारचा त्याला धरून ठेवतो. खाली लाकडी वासे किंवा जाड प्लाय असेल, घरातली हवा बऱ्यापैकी स्थिर असेल आणि फरशी पुढच्या पिढीपर्यंत टिकवायची हौस असेल, तर अखंड लाकूड. भाड्याचं घर, लहान मुलं, मोजका खर्च अशी गणितं असतील तर चांगलं लॅमिनेट घेण्यात कमीपणा काहीच नाही. त्याच्या खोक्यावर एसी १, एसी २ असे झिजेचे वर्ग दिलेले असतात. राहत्या घरातल्या वर्दळीच्या खोल्यांसाठी एसी ३, त्याहून जास्त वापर असेल तर एसी ४. मात्र लॅमिनेट घासून पुन्हा नवं करता येत नाही. फोटो झिजला की फळी बदलायची.

साग सगळ्यात भक्कम, हे खरं ना?

अर्धवट खरं. लाकडाचा कठीणपणा मोजायची जांका चाचणी १९०६ साली गॅब्रिएल जांका यांनी आणली. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात निम्मी रुतवायला किती जोर लागतो, ते तिच्यात मोजतात. लाल ओकचा आकडा १२९० पाउंड आहे, हार्ड मॅपलचा १४५०, अमेरिकन अक्रोडाचा १०१० आणि ब्राझीलच्या जटोबाचा २३०० च्या वर. साग हजार-अकराशेच्या आसपास, म्हणजे ओकपेक्षा मऊ! पांढरा पाइन तर चारशेच्या आतच अडकतो.

तरी सागाची कीर्ती खोटी नाही. तिचं कारण निराळं आहे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, वाळवी आणि बुरशी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत, आणि हवा बदलली तरी तो फार कमी फुगतो-आक्रसतो. जमिनीसाठी हा स्थिरपणा कठीणपणापेक्षा मोलाचा. मऊ लाकडावर खुर्चीचा ठसा उमटेल एवढंच. अस्थिर लाकडाची मात्र अख्खी खोली उचलली जाते. सागाचं एक दुखणं सांगून ठेवतो. तेच तेल गोंदाला आणि काही पॉलिशांना नीट धरू देत नाही, सुकूही देत नाही. म्हणून सागावर फिनिश देण्याआधी कोपऱ्यातल्या एका फळीवर लावून बघा आणि दोन दिवस थांबा.

आणखी एक. ‘साग’ म्हणून दिलेल्या फळीत गाभा किती आणि सालीजवळचं फिकट लाकूड किती, हे विचारा. ते फिकट लाकूड किडीला खाद्य आहे, मग झाड कितीही नावाजलेलं असो.

इंजिनिअर्ड फळीचा वरचा थर किती जाड असावा?

तिची खरी किंमत इथेच ठरते, आणि जाहिरातीत हा आकडा बारीक अक्षरात असतो. वरचा थर अर्ध्या मिलिमीटरपासून सहा मिलिमीटरपर्यंत मिळतो. यंत्राने एकदा घासताना अर्धा ते एक मिलिमीटर लाकूड जातं. म्हणजे ३ मिलिमीटरचा थर एकदा, फार तर दोनदा घासून नवा करता येईल. अर्ध्या मिलिमीटरच्या थराला घासायचं यंत्र लावलं तर खालचं प्लाय बाहेर येईल. एकूण जाडी १४ मिलिमीटर आहे म्हणून कोणी कौतुक करत असेल, तर ‘वरची किती?’ हा प्रश्न आधी विचारा.

फळ्या रुंद चांगल्या की अरुंद?

दिसायला रुंद. वागायला अरुंद. लाकूड ओलीने रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे फळी जितकी रुंद, तितकी तिची एकटीची हालचाल मोठी आणि फट पडली तर तीही मोठी. रुंदच हवी असेल तर वाढीची वलयं फळीच्या पृष्ठभागाला उभी येतील अशा पद्धतीने चिरलेली घ्या. तिला क्वार्टर-सॉन म्हणतात. महाग पडते, कारण त्या चिरणीत ओंडका जास्त वाया जातो, पण ती साध्या चिरणीच्या साधारण निम्मीच हलते.

स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात चालेल का?

स्वयंपाकघरात, सांडलेलं लगेच पुसण्याची सवय घरात सगळ्यांना असेल तर. न्हाणीघरात नको.

जुन्या टाइल्स न काढता वरून बसवता येते का?

येते, आणि धूळ व आवाज टाळायचा तर हाच शहाणपणाचा रस्ता. पण तीन गोष्टी तपासा. टाइल्स ठोकून बघा. जी पोकळ वाजते ती आधी पक्की करा किंवा काढून तिथे सिमेंट भरा. मग लांब सरळपट्टी सगळ्या दिशांनी फिरवा. ३ मीटर लांबीत ५ मिलिमीटरपेक्षा जास्त उंचसखल नको. इथे पाणसळ लावून जमीन ‘लेव्हल’मध्ये आहे म्हणून समाधान मानू नका. उतार असला तरी चालतो, खड्डा आणि उंचवटा चालत नाही, कारण खड्ड्यावरून गेलेली फळी पाय पडला की दबते आणि काही महिन्यांत शेजारच्या फळीत अडकणारी तिची खाच तुटते. तिसरी गोष्ट दारांची. जाडी वाढल्यावर दार खालून घासतं आणि ते बहुतेकांना फरशी पूर्ण झाल्यावर कळतं.

खालचा कोबा सुकलाय हे कसं ओळखायचं? वरून तर कोरडा दिसतो.

वरून सगळेच कोबे कोरडे दिसतात. लाकडी फरशीच्या जितक्या तक्रारी मी ऐकल्या, त्यातल्या बहुतेकांचं मूळ शोधत गेलं की ते याच प्रश्नाशी येऊन थांबतं. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

काँक्रीट घट्ट होणं आणि सुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घट्ट ते काही दिवसांत होतं. आतलं जास्तीचं पाणी मात्र वरच्या बाजूने वाफ होऊन सावकाश जात राहतं. कामावरचा ढोबळ हिशोब असा की दर २५ मिलिमीटर जाडीला एक महिना, तोही हवा खेळती असेल तर. १०० मिलिमीटरच्या नव्या कोब्याला चार महिने. घाईघाईत त्यावर लाकूड अंथरलं की पाण्याचा वर जायचा रस्ता बंद होतो आणि ते फळ्यांच्या पोटात शिरतं.

घरच्या घरी करायची चाचणी अशी. साधारण ४५ सेंटीमीटर चौरस जाड प्लास्टिक कोब्यावर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि किमान १६ तास तसंच ठेवा. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा तो चौकोन आजूबाजूपेक्षा काळपट दिसला तर ओल आहे, काम थांबवा. उलटं मात्र खरं नाही. काही दिसलं नाही म्हणजे कोबा सुकला असं सिद्ध होत नाही, कारण ही चाचणी फक्त वरचं सांगते. पक्कं उत्तर हवं असेल तर कोब्याला त्याच्या जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत भोक पाडून आत आर्द्रतामापक बसवतात आणि तिथली सापेक्ष आर्द्रता वाचतात. किती आकडा चालेल ते फळीच्या आणि गोंदाच्या कंपनीच्या कागदावर दिलेलं असतं. काम करणाऱ्याला विचारा, ‘ओल मोजली का? किती आली?’ तो हाताने जमीन चाचपून ‘सुकी आहे हो’ म्हणाला, तर दुसरा माणूस शोधा.

कोबा पूर्ण सुकलेला असला तरी काँक्रीटवर तरंगती फरशी (खाली न चिकटवता, न खिळता नुसती अंथरलेली) टाकताना खाली ०.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिथिन अंथरायचंच, सांध्यावर २० सेंटीमीटर एकमेकांवर चढवून आणि टेप लावून. फळ्यांखाली घालायच्या काही फोमच्या अंथरुणालाच ते जोडलेलं येतं. तळमजल्यावर तर यात काटकसर करूच नये.

फळ्या आधी घरात आणून ठेवायच्या म्हणतात. नेमके किती दिवस?

दिवस मोजू नका, ओल मोजा. लाकूड आजूबाजूच्या हवेशी सतत देवाणघेवाण करत असतं. साधारण २० अंश तापमानाला हवेतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकूड ६ टक्क्यांच्या आसपास ओलीवर स्थिरावतं, ५० टक्क्यांना ९ वर, ८० टक्क्यांना १६ वर. तुमच्या घरातल्या हवेचा जो आकडा असेल त्याच्याशी जुळल्यावरच फळी बसवण्याजोगी होते. अखंड लाकडाला त्यासाठी काही दिवसही लागतील आणि काही आठवडेही. लाकडी पायावर बसवत असाल तर पाया आणि फळी यांच्या ओलीत ४ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. ७५ मिलिमीटरपेक्षा रुंद फळ्यांसाठी २ टक्क्यांपेक्षा जास्त नको. लाकडाची ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र छोटंसं असतं आणि वापरायला सोपं.

लोक हमखास चूक करतात ती अशी, की गिलावा आणि रंग ओला असताना फळ्या आणून ठेवतात. दोन आठवडे ‘सवय’ झाली म्हणून बसवतात. सवय झालेली असते ती दमट खोलीची! मग घर सुकतं, फळ्या आक्रसतात आणि सगळीकडे फटी. ओली कामं संपवा, खिडक्या-दारं लागू द्या, आणि त्यानंतरच खोकी आणा. लॅमिनेटसाठी बंद खोकी आडवी ठेवून ४८ तास बहुधा पुरतात. इंजिनिअर्डची खोकी कधी उघडायची ते त्या त्या कंपनीनुसार बदलतं, तेव्हा आतला कागद वाचा.

भिंतीला चिकटवून बसवली तर जास्त नीट दिसेल ना? फट कशाला सोडायची?

मी माझ्या घरच्या पहिल्या खोलीत हाच विचार केला होता. एका कडेला स्कर्टिंग बसवणं जिवावर आलं म्हणून फळी भिंतीला टेकवली. चार महिन्यांनी हवा दमट झाली आणि खोलीच्या मधोमध जमीन तंबूसारखी वर आली. पाय दिला की खाली जायची, उचलला की वर. करवतीने एका कडेची पट्टी कापली तेव्हा रात्रीतून जमीन खाली बसली. ती फट आधीच सोडली असती तर तेवढंच काम फुकटात झालं असतं.

हिशोब करून बघा. साध्या चिरणीची १२५ मिलिमीटर रुंद लाल ओकची फळी ८ टक्के ओलीवरून १२ वर गेली की जवळजवळ २ मिलिमीटर रुंद होते. ४ मीटरच्या खोलीत अशा ३२ फळ्या. कागदावर बेरीज ६ सेंटीमीटरच्या जवळ जाते. खिळे, गोंद आणि सांध्यांतला दाब यामुळे प्रत्यक्षात एवढं होत नाही, पण उरलेल्या हालचालीला कुठेतरी जागा हवीच. ती दिली नाही तर लाकूड भिंत ढकलतं, आणि भिंत हलत नाही म्हणून स्वतः उचललं जातं.

म्हणून चारही बाजूंनी १० ते १५ मिलिमीटर फट. चौकटी, खांब, नळ यांच्याभोवतीही. ती स्कर्टिंगने झाकायची. स्कर्टिंग भिंतीला ठोका, फरशीला नाही, नाहीतर सोडलेली फट वाया गेली. तरंगत्या फरशीवर जड ओटा किंवा बांधलेली कपाटं उभी करू नका. एका कडेला ती खिळल्यासारखी अडकते आणि दुसऱ्या कडेला फुगते.

खिळे, गोंद की नुसती ‘क्लिक’ पद्धत?

अखंड लाकूड, खाली जाड प्लाय किंवा वासे: खिळे. फळीच्या जिभेतून (शेजारच्या फळीच्या खाचेत शिरणारी कड) ४५ अंशात तिरके मारतात, म्हणजे पुढच्या फळीची खाच ते झाकते आणि वरून काही दिसत नाही. इंजिनिअर्ड, खाली काँक्रीट: गोंद. मात्र लवचीक राहणारा, दगडासारखा घट्ट होणारा नाही. गोंदाची जमीन पायाखाली सगळ्यात भरीव वाटते आणि पोकळ आवाज करत नाही, पण ती काढताना घाम फुटतो. लॅमिनेट आणि पुष्कळशी इंजिनिअर्ड: क्लिक, म्हणजे फळ्या एकमेकींत अडकतात आणि अंथरुणावर तरंगतात. खालच्या मजल्यावरच्या लोकांना पावलांचा आवाज जाऊ नये असं वाटत असेल तर अंथरुणावर खर्च करा. कॉर्क किंवा दाट फोम घ्या. जाड आणि मऊ फोम घेऊ नका, त्यावर फळ्या दबतात आणि क्लिक तुटतात.

फळ्या कोणत्या दिशेने टाकाव्यात? माल किती मागवावा?

खाली वासे असतील तर त्यांना आडव्या, त्यात वाद नाही. काँक्रीटवर तुमची मर्जी. खोलीच्या लांबीला समांतर टाकल्या तर खोली लांब वाटते, खिडकीच्या उजेडाच्या दिशेने टाकल्या तर सांधे कमी दिसतात.

क्षेत्रफळाच्या ५ ते १० टक्के जास्त माल घ्या. हेरिंगबोन किंवा शेव्हरॉनसारखी तिरकी मांडणी असेल तर १० ते १५ टक्के. शेजारच्या दोन ओळींतले आडवे सांधे किमान १५ सेंटीमीटर पुढेमागे हवेत, रुंद फळ्यांत त्याहून जास्त. जिन्यासारखी पायरी दिसू लागली तर थांबा आणि फळ्या अदलाबदल करा. तीनचार खोकी एकाच वेळी उघडून मिसळत जा. एकेक खोकं संपवत गेलात तर खोलीत रंगाचे ठिगळ दिसतात.

स्वतः बसवता येईल का?

चौकोनी खोलीत क्लिकची फरशी, हो. करवत, मोगरी, ठोकायचा ठोकळा, मोजपट्टी आणि एक मदतनीस पुरे. पहिल्या ओळीला घाई करू नका, ती वाकडी गेली तर शेवटची ओळ पाचरीसारखी कापावी लागते. कामाला लागण्याआधी खोलीची रुंदी फळीच्या रुंदीने भागून बघा. शेवटची पट्टी ५ सेंटीमीटरपेक्षा अरुंद उरत असेल तर पहिली ओळही कापून दोन्ही कडांना सारखी वाटून घ्या. गोंदाची आणि खिळ्यांची जमीन, तसंच हेरिंगबोन, जाणत्या हाताला द्या.

फिनिश कोणतं चांगलं, तेल की पॉलियुरेथेन?

पॉलियुरेथेन लाकडावर प्लास्टिकसारखी पातळ पापडी धरतं. पाणी लगेच आत जात नाही, पुसणं सोपं. तेलाच्या आधाराचं पिवळसर पडतं आणि वास दांडगा, पाण्याच्या आधाराचं स्वच्छ राहतं आणि लवकर सुकतं. पॉलियुरेथेनचा तोटा असा की ओरखडा उमटला तर तेवढ्याच जागी डागडुजी जमत नाही, ठिगळ उठून दिसतं. हार्डवॅक्स तेल (तेल आणि मेणाचं मिश्रण) लाकडात मुरतं, हाताला लाकूडच लागतं आणि एकाच फळीवर पुन्हा तेल देता येतं. मात्र त्याला दर काही वर्षांनी तेल पाजावं लागतं आणि सांडलेलं पाणी लगेच टिपावं लागतं. कारखान्यात फिनिश दिलेल्या फळ्यांवर बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइड मिसळलेला थर असतो. तो सगळ्यात चिवट, पण घासायची वेळ आली की तितकाच त्रास देतो.

मला विचाराल तर वर्दळीच्या खोलीत पाण्याच्या आधाराचं मॅट पॉलियुरेथेन आणि झोपायच्या खोलीत तेल. चकचकीत फिनिश नकोच, त्यावर प्रत्येक केस आणि प्रत्येक ओरखडा दिसतो.

थर हाताला कोरडा लागला म्हणजे पक्का झाला असं नाही. पाण्याच्या आधाराचं पक्कं व्हायला एकदोन आठवडे, तेलाच्या आधाराचं महिनाभर. तोवर गालिचा अंथरू नका.

आणि हे विसरू नका: जवसाचं किंवा तत्सम सुकणारं तेल पुसलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. तेल सुकताना उष्णता सोडतं आणि बोळ्यात ती कोंडते. चिंध्या एकेक पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

रोज ओल्या फडक्याने पुसायची सवय आहे. ती सोडावी लागेल?

हो. १६८४ साली फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यात संगमरवर काढून लाकडी पार्के (लाकडाच्या तुकड्यांच्या नक्षीची फरशी) बसवलं गेलं, कारण संगमरवर धुताना झिरपणारं पाणी खालच्या तुळया कुजवत होतं. लाकूड आणलंच मुळी धुणं टाळायला! आपण मात्र लाकूड बसवतो आणि बादली घेऊन धुवायला जातो.

रोज मऊ केसांचा झाडू किंवा मायक्रोफायबरचा कोरडा मॉप. व्हॅक्यूम वापरत असाल तर फिरता ब्रश बंद करून. आठवड्यातून एकदा फडकं घट्ट पिळून पुसा, इतकं घट्ट की मागे राहिलेला ओलावा मिनिटभरात उडून जाईल. साबण लाकडी जमिनीसाठीचा, सौम्य. व्हिनेगर, अमोनिया, ब्लीच, फिनेल नको. वाफेचा मॉप तर अजिबात नको. तो गरम वाफ दाबाने सांध्यांत घालतो आणि बऱ्याच कंपन्या त्याच कारणावरून हमी नाकारतात. पॉलियुरेथेनवर मेण किंवा ‘चमक आणणारं’ काही चोळू नका. जमीन निसरडी होते आणि पुढे नवा थर द्यायचा झाला तर तो मेणावर धरत नाही.

ओरखडे टाळायला काय करावं?

ओरखडा कुत्र्याच्या नखाने पडतो त्याहून जास्त चपलेला चिकटून आलेल्या वाळूने पडतो. पायाखाली आलेली वाळू म्हणजे पॉलिश पेपरच. दाराबाहेर एक पायपुसणं आणि दाराच्या आत दुसरं. फर्निचरच्या पायांना नमदा लावा आणि तो वर्षातून एकदा बदला, कारण खडे त्यात रुतून बसतात आणि मग नमदाच ओरबाडू लागतो. चाकाच्या खुर्चीला मऊ रबरी चाकं हवीत. रबराची पाठ असलेली पायपुसणी मात्र काही फिनिशांवर कायमचा पिवळा डाग सोडतात, खाली विणलेली जाळी टाका.

खोलगट ठसा पडलाय पण लाकडाचे तंतू तुटलेले नाहीत, आणि जमीन तेलाची आहे? ठशावर ओलं फडकं ठेवून त्यावरून गरम इस्त्री दोनचार सेकंद टेकवा. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. मग वाळू द्या, बारीक घासा, तेल लावा. पॉलियुरेथेनच्या पापडीवर ही युक्ती करू नका, पांढरा चट्टा उठेल.

फळ्यांच्या कडा वर आल्यात आणि मधला भाग खोलगट झालाय. घासून सपाट करून घेऊ का?

थांबा, इथेच पैसे बुडतात. कडा वर येणं म्हणजे फळीचं पोट पाठीपेक्षा ओलं आहे. खालची बाजू फुगली, वरची नाही, म्हणून फळी पन्हाळीसारखी वळली. पाणी कुठून येतंय ते आधी शोधा. गळका नळ, ओली भिंत, न सुकलेला कोबा, बंद घरातली दमट हवा. कारण बंद करा, पंखा आणि शक्य असल्यास आर्द्रता शोषणारं यंत्र लावा, आणि वाट बघा. कित्येकदा काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत फळ्या आपसूक सपाट होतात. ओल्या अवस्थेत कडा घासून टाकल्या तर फळी सुकल्यावर उलटी वळते. कडा खाली, मध्य वर. मग तिला इलाज उरत नाही.

पाण्याची टाकी वाहिली आणि खोलीभर पाणी झालं. आता?

पाणी तासाभरात उपसा. स्कर्टिंग काढा म्हणजे कडेने हवा जाईल. पंखे जमिनीसरसे लावा, हीटर लावू नका, वरचं झटकन सुकलं की फळ्या तडकतात. लॅमिनेट भिजून कडा फुगल्या तर त्या पुन्हा खाली जात नाहीत, त्या फळ्या बदलाव्या लागतील. तरंगती फरशी असेल तर काही फळ्या उचलून खालचं अंथरूण बघाच. तिथे साचलेलं पाणी वरून दिसत नाही आणि दोन दिवसांत बुरशी धरू लागते.

कोरड्या दिवसांत फळ्यांमध्ये फटी पडतात. त्यात लांबी (पुट्टी) भरू का?

नको. दमट दिवसांत त्या मिटतात का ते एक वर्षभर बघा. मिटत असतील तर ते लाकडाचं श्वास घेणं आहे. भरलेली लांबी फळी फुगल्यावर चुरडून बाहेर येते किंवा शेजारच्या फळीला ढकलते.

चालताना करकर वाजते.

दोन फळ्या एकमेकींना किंवा खिळ्याला घासत आहेत. सांध्यात टाल्कम पावडर किंवा ग्रॅफाइटची पूड घालून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. नाही भागलं तर खालून किंवा वरून स्क्रूने फळी आवळावी लागेल. तरंगत्या फरशीत आवाज बहुधा खालच्या खड्ड्याचा असतो, तो पावडरने जात नाही.

गालिचाखाली जमिनीचा रंग वेगळा दिसतोय. फसवणूक झाली का?

नाही. उजेडाने लाकूड रंग बदलतं. चेरी गडद होत जाते, अक्रोड फिका पडतो, ओक पिवळसर होतो. पहिल्या वर्षी गालिचे आणि फर्निचर अधूनमधून सरकवत राहा, म्हणजे सगळी खोली सारखी पिकेल.

वाळवीचं काय?

फरशी बसवण्याआधी जमिनीवर आणि भिंतींच्या कडांवर वाळवीप्रतिबंधक प्रक्रिया करून घ्या, नंतर ती नीट करता येत नाही. मग वर्षातून दोनदा स्कर्टिंगच्या मागे आणि चौकटींच्या बुडाशी बॅटरीने बघा. पेन्सिलएवढ्या जाड मातीच्या नळ्या म्हणजे जमिनीतून आलेली वाळवी. पिठासारखा बारीक भुसा आणि टाचणीएवढी भोकं म्हणजे भुंगेरा, तो सालीजवळच्या फिकट लाकडात राहतो. फळी ठोकल्यावर कागदासारखी वाजली तर आत फारसं काही उरलेलं नाही.

नव्या फरशीचा वास घातक असतो का?

वास गोंदातल्या फॉर्मल्डिहाइड या श्वासाला त्रास देणाऱ्या वायूचा असू शकतो आणि इंजिनिअर्ड, लॅमिनेट दोन्हींत गोंद भरपूर असतो. ‘ई१’ ही खूण असलेला माल घ्या. तिच्यात चाचणीच्या हवेत घनमीटरला ०.१२४ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. त्याहून कडक दर्जाचाही मिळतो. पहिले काही आठवडे खिडक्या उघड्या ठेवा.

लाकूड चोरीच्या जंगलतोडीचं नाही, हे कसं कळेल?

१९९३ साली स्थापन झालेल्या एफएससी या संस्थेची खूण जंगल ते दुकान अशी साखळी तपासून मिळते, तशीच १९९९ साली स्थापन झालेल्या पीईएफसीचीही. खूण खोक्यावर असून भागत नाही, तिच्यासोबतचा परवाना क्रमांक त्यांच्या यादीत बघा.

पूर्ण घासून नवी करायची वेळ कधी येते?

बहुतेक जण फार लवकर घासतात, आणि काही जण फार उशिरा. वर्दळीच्या जागी पाण्याचा थेंब टाका. तसाच उभा राहिला तर फिनिश शाबूत आहे. काही मिनिटांत लाकूड काळपट झालं तर फिनिश गेलं. त्या दोन्हींच्या मधे, म्हणजे चमक गेलीये पण पाणी मुरत नाही, तेव्हाच वरवर हलकं खरवडून एक नवा थर दिला तर लाकूड अजिबात जात नाही आणि खर्चही थोडा.

पूर्ण घासायचं ठरलं तर यंत्राला आधी ४० नंबरचा कागद, मग ६०, ८०, शेवटी १००. मधला टप्पा गाळला तर आधीच्या कागदाच्या रेघा फिनिशखालून उठून दिसतात. यंत्र चालू असताना एका जागी क्षणभरही थांबू नका, तिथे खड्डाच पडतो. भुशाची पिशवी काम संपल्याबरोबर घराबाहेर रिकामी करा. बारीक भुसाही पेट घेतो.

खाली गरम पाण्याच्या नळ्या असलेली जमीन आहे. तिच्यावर चालेल?

इंजिनिअर्ड चालेल. पृष्ठभागाचं तापमान २७ अंशांच्या वर जाऊ देऊ नका आणि उष्णता एकदम नाही, दिवसाला थोडी थोडी वाढवा.

उरलेल्या फळ्या परत करून टाकू का?

एक खोकं ठेवा. पाच वर्षांनी एक फळी बदलायची वेळ येईल तेव्हा तोच नमुना बाजारात मिळेलच असं नाही, आणि मिळाला तरी क्लिकचा साचा बदललेला असू शकतो. खोकं पलंगाखाली आडवं ठेवा, उभं टेकवून नको, फळ्या वाकतात. आणि त्यावर कोणत्या खोलीची, कधी बसवली, कोणतं फिनिश लावलं हे मार्करने लिहून ठेवा.